ज्याच्या घरचं मैदानात

सिद्धलिंग हत्तरगींना मी पस्तीस वर्षं ओळखतो. त्यातली शेवटची चार वर्षं त्यांनी माझ्या कट्ट्यावर हॉकीबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांना गप्प मीच बसवलं होतं, म्हणून हे लिहायचं कामही माझंच.

मी बाळासो. सातविहीर तालमीच्या, म्हणजे आमच्या पेठेच्या खेळमंडळाच्या, शेजारी माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीपुढं दगडी कट्टा. कोल्हापुरात फुटबॉलच्या मॅचला पेठच्या पेठ लोटते. हॉकीला आम्ही साठ-सत्तर माणसं, तीही तीच ती. पण जे आहेत ते कट्टर. मॅच आली की संध्याकाळी कट्टा भरतो आणि आपला संघ जिंकणार की हरणार यावर भांडणं सुरू होतात. चर्चा रंगात आली की मी गिरणी बंद करतो, कारण पट्ट्याच्या आवाजात नीट भांडता येत नाही. दळणाला आलेल्या बाया मला शिव्या घालतात, त्या मी मुकाट ऐकून घेतो.

या कट्ट्यावर सगळ्यात जाणता माणूस म्हणजे सिद्धलिंग अण्णा. धंदा चांदीचा. हुपरीच्या घराघरांत घडलेली पैंजणं घ्यायची, सकाळच्या एसटीनं आणून गुजरीतल्या सराफी दुकानांत घालायची. जोडातलं एक पैंजण दुसऱ्यापेक्षा दोन ग्रॅम जड असलं तर ते नुसतं हातावर घेऊन सांगत. तीच नजर मैदानावर. कुणाचा गुडघा धरलाय, कोण पेनल्टी कॉर्नरला घाबरतो, हे त्यांना आमच्या आधी दिसायचं. कट्ट्यावरचे आमचे हंबीरराव तासभर ओरडायचे आणि मग अण्णा म्हणायचे, "दोन-एकनं हरतोय आपण. डावीकडचा पोरगा दमलाय." आणि व्हायचंही तसंच.

पण कट्ट्याचा एक नियम आहे आणि तो माझा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी इथं एका बापानं आपल्या पोराचं इतकं कौतुक केलं आणि दुसऱ्याच्या पोराला इतकी नावं ठेवली, की हातघाईवर प्रकरण गेलं. निम्मी पोरं तालीम सोडून गेली. तेव्हा मी ठरवून टाकलं, ज्याच्या घरचं मैदानात, त्याचं तोंड बंद. बसायचं, चहा प्यायचा, ऐकायचं. बोलायचं नाही. हा नियम मी सख्ख्या मेहुण्यालाही सोडला नाही, आणि त्याचा मला तोरा होता.

चार वर्षांपूर्वी अण्णांची मुलगी शांभवी तालमीच्या मुलींच्या संघात गोलकीपर झाली आणि त्या दिवसापासून अण्णा गप्प. आम्ही मग त्यांच्या तोंडाकडं बघून अंदाज बांधायला लागलो. अण्णांनी भडंगाची मूठ भरली की जिंकणार, नुसतेच दाणे वेचत बसले की अवघड. हंबीरराव तर म्हणायचे, "अण्णा, बोलू नका, निस्तं खावा. आमाला कळतंय."

यंदा फेब्रुवारीत आमच्या मुली आणि इचलकरंजीच्या मुली यांच्यात विजेतेपदाची मालिका लागली. तीन सामने, दोन जिंकेल तो खरा. मालिका संपली की राज्याच्या शिबिराची यादी लागणार होती आणि शांभवीचं नाव त्यात येणार असं सगळेच म्हणत होते. पोरगी बावीस वर्षांची. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी आली असती, म्हणजे संधी ही एवढीच.

मालिकेच्या पंधरा दिवस आधी सरावात ती हेल्मेट काढून पाणी प्यायला उभी होती आणि कुणाचा तरी उडालेला चेंडू तिच्या डाव्या डोळ्याच्या खाली बसला. गाल सुजला. चार दिवसांनी सूज उतरली आणि आम्ही विसरून गेलो. अण्णा विसरले नाहीत. पुढचं मला नंतर कळलं, तरी इथंच सांगतो.

घरी संध्याकाळी बाप-लेक पैंजणांचे जोड लावायला बसत. कुठं कडी उघडी राहिली असेल तर शांभवी ती बाजूला काढायची. आता ताटाच्या डाव्या अंगाला असलेल्या उघड्या कड्या तिच्या नजरेतून सुटायला लागल्या. आईनं, म्हणजे गौराबाईंनी, डावीकडून पाण्याचा तांब्या पुढं केला तर ती आख्खी मान वळवून तो घ्यायची. अण्णांनी विचारलं तेव्हा आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "अप्पा, कडंला जरा सावली आल्यागत दिसतंय. शिबिराची यादी लागू द्या, मग दवाखान्यात जाऊ. तवर कुणाला काय बी सांगू नका."

अण्णा गेले कोचकडं, जोतीरामकडं. जोतीराम माणूस वाईट नाही, पण मालिकेच्या आधी त्याला झोप नसते. तो हसला. "अण्णा, फायनल आली की घरच्यांला असंच काय काय दिसतंय. धा चेंडूंतले आठ अडवती की पोरगी." त्यानं शांभवीला विचारलं, ती म्हणाली मी ठीक आहे, आणि त्याच्यासमोर तिनं खरंच दहातले आठ अडवले. सगळे समोरून मारलेले होते.

रविवारी पहिला सामना आम्ही दोन-एकनं जिंकला.

सोमवारी संध्याकाळी कट्ट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. हंबीरराव उभे राहून बोलत होते, बसून त्यांना बोलताच येत नाही. "तिसरी मॅच लागतच न्हाय! गुरुवारी खेळ खल्लास!"

मी म्हणालो, "त्यांची ती सुष्मिता बघितलीसा काय? कॉर्नर कसली मारती. काल दोन फटकं पोलला लागलं म्हणून वाचलो."

"पोलला लागलं म्हणून न्हाय, गोलात शांभवी हुती म्हणून वाचलो!"

त्यावर सगळे अण्णांकडं बघून हसले. अण्णांच्या हातात चहाचा कप तसाच होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि म्हणाले, "मला एक बोलायचं हुतं."

 चर्चा चालू असताना अण्णा चार वर्षांत पहिल्यांदाच बोलले होते. खरं तर तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस उगीच तोंड उघडणार नाही. पण मला दिसला तो माझा नियम. मी हात वर केला. "न्हाय अण्णा. तुमाला म्हाईत हाय."

"मॅचचं न्हाय बोलत मी, बाळासो."

"पोरगी गोलात हाय, मंजी मॅचचंच झालं की ते!"

हंबीरराव खो खो हसले. "चार वर्सं दम धरलासा, आन् आता चार दिस निघंनात व्हय, अण्णा?"

सगळे हसले. मीही हसलो.  अण्णांनी पिशवी उचलली आणि चपला घालून गेले. हंबीरराव म्हणाले, पोरीचं कौतुक पोटात मावंना झालंय. मी गिरणी चालू केली.

गुरुवारी आम्ही तीन-एकनं हरलो. तिन्ही गोल शांभवीच्या डाव्या हाताला झाले. सुष्मितानं कॉर्नर मारला की चेंडू फळीवर आदळल्याचा आवाज यायचा आणि त्यानंतर शांभवी वळायची. आम्ही कट्ट्यावर तिला काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. त्या दिवशी अण्णा कट्ट्यावर आलेच नाहीत. आणि आम्ही जे बोललो ते त्यांनी ऐकलं नाही, एवढंच त्यातलं बरं.

शनिवारी सकाळी शेवटचा सराव होता. मी आणि हंबीरराव बघायला गेलो होतो. सराव सुरू होऊन पाच-दहा मिनिटं झाली असतील, अण्णा फाटकातून आत आले. बाकड्याजवळ त्यांनी चपला काढल्या आणि सरळ मैदानात चालत गेले. सराव चालू असताना घरचं माणूस आत गेलेलं मी कधी बघितलं नव्हतं. जोतीराम ओरडला, "अण्णा, भाईर व्हा!" अण्णा थांबले नाहीत. ते गोलपाशी गेले आणि लेकीला म्हणाले, "हेल्मेट काढ."

"अप्पा, काय करताय? सगळी बघाल्यात."

"काढ."

तिनं काढलं. अण्णांनी आपला डावा तळवा तिच्या उजव्या डोळ्यावर ठेवला आणि दुसरा हात तिच्या तोंडासमोर धरला. "किती बोटं हायत?"

"तीन," ती लगेच म्हणाली.

अण्णा काही बोलले नाहीत. बाकीच्या पोरी जवळ आल्या होत्या, त्यांच्यातलंही कुणी बोललं नाही. शांभवीला त्या शांततेवरून चुकल्याचं कळलं असावं. ती हळू आवाजात म्हणाली, "दोन."

अण्णांनी मूठ मिटून धरली होती. एकही बोट वर नव्हतं.

 हंबीररावांनी माझा दंड इतका जोरात धरला की दोन दिवस वळ राहिला. शांभवीनं बापाचा हात झटकला. "उद्याचा एकच दिस हुता की अप्पा! एकच दिस! कशाला आलासा?" ती रडत होती, आणि हातात गोलकीपरचे जाडजूड पंजे असल्यामुळं तिला डोळेही पुसता येईनात. अण्णांनी ते पंजे एकेक करून काढले, तिचा हात धरला आणि तिला मैदानाबाहेर घेऊन गेले. आमच्याजवळून जाताना त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही.

रविवारी गोलमध्ये सतरा वर्षांची संयोगिता उभी राहिली. पोरीनं जीव तोडला, पण आम्ही दोन-शून्यनं हरलो. त्याच वेळी शांभवीचं ऑपरेशन चाललं होतं. डोळ्याचा पडदा सरकला होता. डॉक्टर म्हणाले, आधी तो कडेनं सुटला असणार, मग सुटत सुटत मधोमध आला. सोमवारी आणलं असतं तर नजर बरीचशी वाचली असती. आता त्या डोळ्याला उजेड कळेल, माणूस उभा आहे एवढं कळेल, तोंड ओळखू येणार नाही.

सोमवारी. म्हणजे ज्या सोमवारी मी हात वर केला.

माझ्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या. गिरणीत गव्हात ज्वारी मिसळली, मेहुण्याशी दहा वर्षं अबोला धरला. पण त्या निस्तरता येण्यासारख्या होत्या. मला जेवण जाईना. बायको म्हणाली, जाऊन त्यांच्या पाया पडा, नाहीतर हे तुम्हाला खाईल. तरी जायला मला पाडवा उजाडावा लागला.

अण्णांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत अण्णा, आत शांभवी पैंजणांचं ताट घेऊन बसलेली. दाराला पडदा होता, पण कड्यांचा बारीक आवाज येत होता. गौराबाईंनी चहा ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "दीड म्हैना झाला, अप्पाबरबर बोलंना झालीया. जेवाय वाढती, पाणी देती, बोलत न्हाय." मग त्या आत गेल्या.

मी आडवळणं घेतली नाहीत. म्हणालो, "अण्णा, माझ्यामुळं झालं. तुमी सांगाय आलतासा, मी तुमचं तोंड बंद केलं. माझा नियम मातीत गेला. मला काय बी बोला, पर बोला."

अण्णांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. मग बोलायला लागले आणि ते माझ्याशी बोलत होते तरी त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"बाळासो, तुमी हात वर केलासा आन् मी गप्प बसलो. का बसलो? तुमच्या नियमाला भ्यालो व्हय मी? तुमच्या कट्ट्यावर मी तुमच्या नियमाच्या आधीपास्नं बसतोय. एक शिवी हासडली असती तर तुमी सगळे ऐकत बसला असतासा. जोतीरामची मानगूट धरली असती. पोरीला उचलून न्हेली असती, माझीच पोरगी हाय ती. शनिवारी न्हेलीच की."

 मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं.

"तुमी गप्प बसा म्हणलासा, आन् मला बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं. घरला जाताना मी मनाला म्हणलो, मी सांगाय गेलतो, लोकांनी बोलू दिलं न्हाय, आता माझा इलाज न्हाय. गुरुवारची मॅच हुंदे. जिंकली तर यादीत नाव येतंय. मला बी ते नाव बघायचं हुतं, बाळासो. पोरीपरास जास्त मला बघायचं हुतं. तिनं लपवलं, ती ल्हान हाय. मला दिसत हुतं. दिसून मी चार दिस बसलो."

आतला कड्यांचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते मला कळलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अण्णा हे मला सांगतच नव्हते. दीड महिना लेकीला तोंडावर सांगता येत नव्हतं, ते त्यांनी मला समोर बसवून पडद्यापलीकडं सांगितलं होतं.

पडदा हलला नाही.  अण्णा तोंडावरून हात फिरवून जमिनीकडं बघत राहिले, आणि मी चहा तसाच ठेवून उठलो.