वेगळ्या टाकीतला मासा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या प्राणिशास्त्राच्या वर्गाची सहल हरिहरेश्वरला गेली होती. ओहोटीला खडकांमधल्या एका डबक्यात मला एक मासा दिसला. तळहाताएवढाही नव्हता. पिवळसर अंग आणि त्यावर काळे उभे पट्टे. मी पोलादपूरच्या वरच्या डोंगरातला, आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. समुद्राची मला सवय नव्हती. तरी तो मासा मी हाताने धरला. सरांना इतका आनंद झाला की पाण्याच्या कॅनमध्ये त्याला सोडून परतीच्या वाटेवर एस.टी.त त्यांनी तो कॅन स्वतःच्या मांडीवर ठेवला.

महाडला आमच्या प्रयोगशाळेत खिडकीपासून जरा आत सरांची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. तिच्यात समुद्रातले पाच-सहा मासे होते. किनाऱ्यावरून पाणी आणणं, ते गाळणं, क्षार मोजणं, हे सगळं सर एकटे करत. मला वाटलं, माझा मासा आता त्यात जाईल.

"लगेच नाही," सर म्हणाले. "आधी वेगळा ठेवू. काही आजार असला तर तीन-चार आठवड्यांत दिसेल. नाहीतर एकापायी सगळे जातील. तू पकडलास, आता तूच सांभाळ."

हात धुण्याच्या मोरीजवळ एक लहान टाकी मांडली. तिची जाळी वेगळी, पाणी काढायचा मग वेगळा. त्या मगाला तांबड्या रंगाची खूण केली आणि तो दुसऱ्या खिळ्याला टांगला. चुकूनही तो मोठ्या टाकीत बुडवायचा नाही, अशी ताकीद होती.

प्रयोगशाळेतले मामा, म्हणजे तिथले जुने शिपाई, दुसऱ्या दिवशी हसत म्हणाले, "काय रे, तुझा मासा सोवळ्यात बसवलाय जणू!"

"सोवळ्यात कसला मामा, उलटं हाय," मी म्हणालो.

ते अजून हसत होते. मी मग परत त्याच्या खिळ्याला टांगला.

माझे वडील लहानपणी बाजारात चहा प्यायचे तो हॉटेलाबाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपात. पिऊन झाल्यावर तो कप स्वतः धुऊन जागेवर ठेवायचा. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसलेले असताना, आणि लगेच दुसरा विषय काढला. सरांच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला कळत होतं. ते आम्हा सगळ्यांना एकाच डब्यातलं खायला देत. पण रोज सकाळी त्या खिळ्यावरचा मग हातात घेताना मला बरं वाटत नसे. तो मासा लवकर सगळ्यांत जावा, एवढंच माझ्या मनात होतं.

दुसऱ्या आठवड्यात मासा तळाच्या दगडावर अंग घासू लागला. कल्ले भराभर हलत होते. मग त्याच्या परांवर आणि काळ्या पट्ट्यांवर पांढरे ठिपके दिसले, रव्याचे कण चिकटावेत तसे. मी सरांना बोलावलं. त्यांनी काचेला डोळा लावून बराच वेळ पाहिलं.

"परजीवी असावा," ते म्हणाले. "की नुसती पकडताना लागलं त्यावर आलेली बुरशी आहे? पाहू या. पाणी बदल आणि लक्ष ठेव."

चार-पाच दिवसांनी ठिपके गेले. अंग स्वच्छ झालं. मासा पाण्याच्या वरच्या भागात फिरू लागला. मला फार हायसं वाटलं. त्या वर्षीच दिवाळीच्या सुट्टीत माझ्या धाकट्या बहिणीला कांजिण्या आल्या होत्या. आईने तिला आतल्या खोलीत कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं, तिचं ताट-तांब्या वेगळं केलं होतं. खपल्या पडल्या त्या दिवशी आईने तिला कढत पाण्याने न्हाऊ घातलं आणि म्हणाली, "झालीस गो बरी. बस आता सगळ्यांच्यात." त्या रात्री आम्ही सगळे एका पंगतीला जेवलो. आमच्याकडे अंगावरचं पडून गेलं की आजार गेला. माझं ज्ञान तेवढंच होतं आणि ते मला पक्कं वाटत होतं.

मी सरांना म्हणालो, "सर, ठिपके गळून गेले. तो बरा झाला. आता मोठ्या टाकीत सोडू या का?"

सर घुटमळले. "पुस्तकात थोडं वेगळं लिहिलंय. मी स्वतः हा रोग कधी पाहिलेला नाही."

"पण अंगावर काहीच नाही, सर. उगाच त्याला एकटा..." माझा आवाज बदलला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"रविवार जाऊ दे," ते म्हणाले. "सोमवारी असाच राहिला तर तू म्हणशील तसं."

सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळा उघडताच आधी मोरीकडे गेलो. मासा कोपऱ्यात तिरपा तरंगत होता. सगळं अंग पांढरं झालं होतं. आधी मोजता येतील एवढे ठिपके होते, आता मीठ ओतल्यासारखे. एका डोळ्यावरही साय आली होती.

सरांनी ओल्या फडक्यात मासा धरला आणि काचेच्या पातळ तुकड्याने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर अलगद खरवडला. मासा लगेच पाण्यात सोडला. मग सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि खुर्ची मला दिली. काळपट, गोल असं काहीतरी सावकाश स्वतःभोवती फिरत होतं. त्याच्या कडेला बारीक केसांची हालचाल होती.

"हाच तो," सर म्हणाले. "फुगला की हा अंगावरून गळून तळाला बसतो. तिथे त्याचे शेकडो होतात आणि ते परत माशावर येतात. ठिपके गळून गेले तेव्हा रोग गेला नव्हता, तळाशी वाढत होता."

मी मोठ्या टाकीकडे पाहिलं. मासे शांत फिरत होते.

"तुझ्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं," सर म्हणाले. ते कशाबद्दल म्हणाले, ठिपक्यांबद्दल की दुसऱ्या कशाबद्दल, हे मी विचारलं नाही.

औषध म्हणजे मोरचूद, बागायतदार झाडांवर फवारतात तोच. फार पडला तर मासाही मरतो. तळातले शिंपले औषध शोषून घेतात म्हणून ते आधी काढले. सरांनी मोरचुदाचं पाणी करून बाटलीत भरलं आणि थेंब किती ते ठरवून दिलं. थेंब मी टाकत होतो. पहिल्या दिवशी मी एकेक थेंब मोठ्याने मोजत होतो. मामा शेजारी येऊन उभे राहिले.

"जगंल का रे?"

"माहीत नाय, मामा."

"नाय जगला तर कालवणाचापण नाय राहिला. मोरचूद खाल्लाय!" ते म्हणाले. मग माझं तोंड बघून हळूच म्हणाले, "जगंल. तू टाक."

मासा दोन दिवस काही खाईना. मग ठिपके कमी झाले, आणि गेले. या वेळी मला आनंद झाला नाही. मी पुन्हा येणाऱ्या पांढऱ्या कणाची वाट पाहत होतो. तो तांबड्या खुणेचा मग रोज धुऊन उन्हात ठेवत होतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी स्वतः ठरवलं होतं, आणि तो हातात घेताना आता पहिल्यासारखं वाईट वाटत नव्हतं. आठवडे गेले. ठिपका आला नाही. डोळा मात्र धुरकटच राहिला.

परीक्षा जवळ आली होती तेव्हा सर म्हणाले, "तू सांग. सोडू या?"

मी अजून एक आठवडा मागितला. तोही गेला आणि आम्ही त्याला काचेच्या भांड्यातून मोठ्या टाकीत सोडलं.

जुने मासे लगेच त्याच्या अंगावर धावले. त्याला धुरकट डोळ्याच्या बाजूने आलेला मासा दिसत नसे, म्हणून त्या बाजूने मार जास्त बसे. तो दगडामागे शिरला. सरांनी टाकीवर काळं कापड टाकलं, म्हणजे अंधारात जुने मासे निवतील. मी विचारलं, "सर, परत वेगळा ठेवायचा का?"

"नको," सर म्हणाले. "आता त्यांनाच शिकायला हवं."

मी रोज तास संपल्यावर टाकीसमोर स्टूल घेऊन बसू लागलो. जुने मासे वर खात तेव्हा मी सुकटीचा एक कण दगडाच्या फटीपाशी, त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला सोडत असे. पहिले काही दिवस तो कण दुसरेच नेत. मग एकदा तो अर्धा बाहेर आला, कण तोंडात घेतला आणि मागे सरला नाही.