बटाटे टोचायचं यंत्र

माझ्या गालांचं काय झालं होतं, ते विचारताय ना? सांगते. पण आधी कप खाली ठेवा. चहाचा ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

खारबावला माझ्या दिराचा साखरपुडा होता. मी दापोड्याला एका गोडाऊनमध्ये बिलिंगला बसते. दिवसभर धूळ आणि ट्रकचा धूर, त्यात गालांवर जुन्या पुटकुळ्यांचे खड्डे. म्हटलं, निदान फोटोपुरते तरी बुजावेत. म्हणून ऑनलाइन डर्मा रोलर मागवला. म्हणजे काय, तर रेझरसारखी दांडी आणि टोकाला बारीक सुयांचं फिरतं चाक. ते गालावरून फिरवायचं. हो, मुद्दाम. हो, स्वतःच्याच.

आता मी काही अडाणी नाही. सगळे व्हिडिओ पाहिले होते. रोलर स्पिरिटमध्ये बुडवा, हात हलका ठेवा, दुसऱ्याला वापरायला देऊ नका. ऑफिसातल्या पोरींना मी या विषयावर लेक्चरसुद्धा दिलं होतं.

पार्सल नेमकं सासूबाईंनी उघडलं.

"ह्या काय हाय गो?"

खरं सांगितलं असतं, तर सून तोंडाला सुया टोचून घेते ही बातमी संध्याकाळच्या आत गणेशपुरीच्या मावससासूबाईंपर्यंत पोचली असती. मी म्हटलं, "बटाटे टोचायचं यंत्र आहे, आई. दम आलूसाठी. मसाला आतपर्यंत मुरतो."

"बरा हाय," त्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सुट्टी घेतली. वाटीत स्पिरिट ओतून रोलर बुडवला आणि वाटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. गालांना बधिर करायचं क्रीम लावलं आणि आतल्या खोलीत डोळे मिटून पडले. थोड्या वेळाने उठले, चेहरा धुतला, वाटीतून रोलर उचलला आणि आरशासमोर उभी राहिले. डावा गाल झाला, उजवा झाला. काही म्हणजे काही दुखलं नाही. वाटलं, लोक उगाच पार्लरला जातात.

मग क्रीमचा असर उतरला.

काय सांगू तुम्हाला! गालांवर कुणी निखारे ठेवलेत असं वाटलं. नळाखाली तोंड धरलं, तर आग आणखी पसरली. मी ओरडत स्वयंपाकघरात धावले. सासूबाई ताटात हिरव्या मिरच्या घेऊन बसल्या होत्या. दह्यात मुरवून वाळवायच्या मिरच्या. एकूण एक टोचलेल्या.

"तुझा यंत्र लय झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "मिरच्या कशा भराभर झाल्या बघ. परत पाण्यात ठेवला मी." मग वर बघितलं. "आगो, तुझ्या तोंडाला काय झाला?"

मी म्हटलं, "ऊन लागलं."

घरात बसून ऊन लागलेल्या सुनेला त्यांनी हाताला धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय लावलं होतं? मी म्हटलं, काहीच नाही. सासूबाई म्हणाल्या, "सकाळपासून हिनं काय केला न्हाय. फक्त बटाट्याचा यंत्र धुवून ठेवला व्हता." आणि सुयांचं चाक कसं फिरतं, ते त्यांनी हातवारे करून दाखवलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दोन्ही गालांवर बारीक टिंबांच्या सरळ रांगा.

"ताई," ते शांतपणे म्हणाले, "बटाट्याला आठवडाभर काही लावू नका. उन्हातही नेऊ नका."

दुसऱ्या दिवशी लालबुंद गाल घेऊन खारबावला उभी राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "भाभी, लाली थोडी ज्यादा झालीय. पुसून घ्या."

मी काही बोलायच्या आत नणंदेने रुमाल ओला केला आणि माझा गाल खसाखसा घासला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. लोकांना वाटलं, वहिनीला भरून आलं.

नणंद रुमाल निरखून बघत होती. कोरा करकरीत.

"वहिनी, कुठल्या कंपनीची लाली गं ही? जरासुद्धा निघत नाही."

मी म्हटलं, "घरची आहे."