ह्यांका कोण बघतला?

काकी कुणाशीही बोलायला उभ्या राहिल्या की एक पाय उंबऱ्याच्या आत, एक पाय गॅलरीत. भार आतल्या पायावर. गप्पा कितीही रंगल्या तरी कान घराकडे. आतून पेल्याचा आवाज आला की वाक्य अर्धं टाकून, "थांब गो, पाचच मिन्टं," म्हणत त्या नाहीशा व्हायच्या. उरलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी पुरं व्हायचं. कधी व्हायचंच नाही.

आत काका होते. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची नि आमची भिंत एक. काका गिरणीतले. म्हातारपणी एका संध्याकाळी त्यांचं तोंड वाकडं झालं. गॅस असेल म्हणून ओवा दिला, झोपवलं आणि सकाळी हॉस्पिटलात नेलं. "उशीर केलात," असं डॉक्टर म्हणाले. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डाव्या हाताने कॉटच्या दांड्यावर पेला आपटणं, एवढंच काय ते बोलणं राहिलं. दोनदा टण्ण म्हणजे चहा.

ही हकिकत काकींनी मजल्यावर इतक्या वेळा सांगितली होती की पोराटोरांनाही पाठ. "सकाळपर्यंत थांबलो, थंयच चुकला. तुम्ही थांबू नकात." दाढ सुजलेल्या एका शेजाऱ्याला त्यांनी गॅलरीत गाठून दोन्ही हात वर करायला लावले, हसून दाखवायला लावलं, नाव विचारलं. बिचारा सुजलेल्या तोंडाने हसला. मग काकी म्हणाल्या, "जा आता. दाढच आसा."

अशी बाई तुम्हीही कुठेतरी पाहिली असेल. लग्नाला गेली तर अक्षता पडल्या की निघणारी, लाडू रस्त्यात खाणारी. गिरणीच्या जागी झालेल्या मॉलमध्ये मी कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. एकदा फार आग्रह करून त्यांना तिथे नेलं. सरकत्या जिन्यापाशी उभ्या राहून त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं. "बघितला. चल." संपली सहल. मुलगी विरारला, ती अधूनमधून यायची. बाकी काकींचं जग म्हणजे ती खोली, मोरी आणि नाक्यापर्यंतचा रस्ता.

त्या मंगळवारी मला सुट्टी होती. दुपारी पलीकडून पेला वाजला. चहाची वेळ नव्हती आणि आवाज थांबेना. मी गेले.

काकी मोरीच्या कडेला जमिनीवर बसल्या होत्या. भाताचं पातेलं उलटलेलं. डावा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडला होता. ओठाचा डावा कोपरा खाली उतरला होता.

"काय नाय," त्या जड जिभेने म्हणाल्या. "चक्कर इली."

"काकी, दोन्ही हात वर करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं कळलेलं होतं. उजवा हात वर गेला. डावा हलला नाही.

"संध्याकाळी चेडू येतला," त्या म्हणाल्या. चेडू म्हणजे मुलगी. "मगे जाऊ."

"काकी, थांबायचं नाही, हे तुम्हीच सांगता ना?"

"ता खरा गो. पण ह्यांका कोण बघतला?"

समोरच्या वहिनी साखरपाणी घेऊन धावल्या. घशात अडकेल म्हणून मी ते परत ठेवायला लावलं. बोलावलेली ॲम्ब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकली होती, म्हणून कुणीतरी खालून टॅक्सी थांबवली. मजल्यावरच्या दोघांनी काकींना खुर्चीवर बसवलं, उचलायला गेले, तर त्यांनी उजव्या हाताने काकांच्या कॉटची कड घट्ट धरलेली. सुटेना.

"मी बघते काकांना," वहिनी म्हणाल्या.

"तुका जमाचा नाय. कूस अशी बदलूची..." त्या अडखळत सांगू लागल्या. उशी कुठे, औषध कुठलं, भात किती मऊ. आम्ही खुर्ची धरून तसेच उभे. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता.

तेवढ्यात काकांनी पेला भिरकावला. तो दाराच्या चौकटीवर आदळून गॅलरीत गेला. काकांनी डावा हात पुढे केला आणि काकींचं एकेक बोट कॉटवरून सोडवलं. काकी नुसत्या बघत राहिल्या. शेवटचं बोट सुटल्यावर काकांनी दाराकडे हात केला. तोंडातून आवाज फुटत नव्हता, पण मान लाल झाली होती. माणूस असा ओरडतो हे मी तेव्हा पाहिलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "शेवटच्या धडधाकट कधी दिसल्या?" पेला वाजू लागला त्याच्या थोडं आधीच वहिनींशी काकींचं दारात बोलणं झालं होतं. ते सांगितलं. डोक्याचा स्कॅन झाला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं गेलं. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून रडले.

काकींचं बोलणं सुधारलं. पाय मात्र ओढत चालायच्या आणि डाव्या हातात वाटीही धरवेना. आता काकांची कूस कोण बदलणार? मुलीने दोघांना विरारला नेलं. खोलीला कुलूप लागलं.

पुढच्या एका सुट्टीला मी विरारला गेले. लाकडी दार उघडं, पण बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप. मुलगी कामावर गेली होती, काका आत कॉटवर. वॉकर सरकवत काकी जाळीशी आल्या.

"चावी तिच्याकडे. मी जिन्यात पडलंय तर, म्हणान लावता." मग म्हणाल्या, "ती तरी काय करतली?"

मी कोलिमची, म्हणजे बारीक जवळ्याची, चटणी करून नेली होती. डबा काही जाळीतून जाईना. पण पिशवीत सुके बोंबील होते. मी पुडा फोडला आणि एकेक बोंबील जाळीच्या भोकातून आत सरकवू लागले. काकी उजव्या हाताने घेत, हुंगत आणि डाव्या कोपराच्या वळणात नीट रचून ठेवत.

"लालबागचे?"

"नाक्यावरचे."

"हल्ली बारीक येतत," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बोंबलासाठी जाळीतून दोन बोटं बाहेर काढून उभ्या राहिल्या.