तुकडे करून पाठव म्हणणारा शिवा

शिवा गेल्याचं मला पाचव्या दिवशी कळलं, तेही दुसऱ्याच कामासाठी आलेल्या फोनवर. "तुमचा तो कॉम्प्युटरवाला दोस्त... काविळीनं गेला की." महिना उलटला, तरी दुःखापेक्षा शरमच जास्त वाटते.

नांदूरघाटच्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा कॉलेजात माझ्या खोलीत राहायचा. पुढं मी पुण्यात कंपनीत लागलो, त्यानं अंबाजोगाईत कॉम्प्युटर क्लास काढला. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी लिहिणं जिकिरीचं होतं. ठिकठिकाणचे आम्ही दहा-बारा जण ईमेलवरून मिळून त्यासाठी एक प्रोग्रॅम बनवत होतो, कुणालाही फुकट वापरता यावा, उघडून बदलता यावा असा. प्रत्येकाचे बदल तपासून मूळ प्रोग्रॅममध्ये मिसळायचं काम शिवाकडं होतं. त्याची टेलिफोनची लाइन सारखी तुटायची, पण त्यानं मिसळलेल्या बदलानं कधी काही मोडलं नाही.

जोडाक्षरांचा सगळा भाग मी नव्यानं लिहिला आणि हजारो ओळी एकदम पाठवल्या. त्याचा फोन आला.

"एवढा ढीग एकदम ओतू नको बे. तुकडे करून पाठव, एकेक तपासून घेतो. लोकांच्या जुन्या फायली मोडल्या तर लई वाईट व्हईल."

"तुझ्या लाइनीपायी सगळे खोळंबलेत."

"लाइनीचं न्हाई रे. कुठं काय बदललंय, तेच कळंना..."

मी फोन ठेवला आणि गटाला लिहिलं, एका माणसासाठी सगळ्यांनी किती थांबायचं? आठवड्याभरात त्याचं काम माझ्याकडं आलं. माझा बदल मी अख्खा घातला.

अंबाजोगाईचे एक निवृत्त गुरुजी आपल्याकडच्या बोलीचे शब्द वर्षानुवर्षं चिठ्ठ्यांवर लिहून जमवत होते. शिवाच्या क्लासात बसून त्यांनी ते टाइप केले होते. नवा प्रोग्रॅम त्यांनी हौसेनं घरच्या मशीनवर घातला, त्या शब्दांची एकुलती एक फ्लॉपी उघडली, पुन्हा साठवली. अर्धी अक्षरं गळून गेली. भर क्लासात ते शिवावर ओरडले, "तुज्या भरवशावर बसलो बे मी!" शिवानं माझं नावही घेतलं नाही. त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन पावसाळाभर तो सगळं परत टाइप करत बसला. हे मला आता, त्याच्या बायकोकडून, सविता वहिनींकडून कळलं.

मला ठाऊक होतं ते वेगळंच. त्याच दिवसांत त्यानं माझ्या बदलाचे सतरा तुकडे केले, एकेक तपासला, अकराव्यात चूक शोधली आणि दुरुस्ती मला पाठवली. सोबत एकच ओळ, "आता घाल." मी ती घातली, स्वतःच्या नावानं. गटानं माझं कौतुक केलं. त्याचा फोन मात्र नंतर कधी आला नाही, आणि मीही केला नाही...

मागच्या आठवड्यात क्लासावर गेलो. वहिनींनी मशीन चालू करून प्रोग्रॅम उघडला. "ह्यांचं नाव कुठं हाय ह्यात? लेकीला दाखवायचंय."

मी बनवणाऱ्यांची यादी उघडली. वरून खाली, खालून वर उगाच फिरवत राहिलो. यादी मीच केली होती.

"तुमचं हाय का?"

"हाय. पहिलंच."

वहिनी पुढं झाल्या. त्यांनी मशीन बंद केलं, वर खोळ घातली, आणि शिवा रोज करायचा तशी तिची चारही टोकं ओढून सारखी केली.