खंड्याच्या जागेवरचे बदली

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत डिलाईल रोडवर प्रत्येक माणूस कसला ना कसला पुढारी होता. आमच्या समोरच्या खोलीतले जॉबर तेवढे एका कुत्र्याचे बदली कामगार होते. हे मी थट्टेने म्हणत नाही. ते स्वतःच तसं सांगत, आणि सांगताना छाती काढत.

गिरणीच्या साचेखात्यात पाऊणशे मागांवर त्यांची हुकमत चाले, आणि संध्याकाळी घरी आल्यावर ती उतरवून खुंटीला टांगायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नळावर उशिरा आलेल्या बाईला ते कारण विचारत. स्वतःच्या मुलीच्या लग्नात पंगतीला उशीर झालेल्या खुद्द व्याह्यांना त्यांनी दारात अडवलं, “गेट बंद झालो” म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या पंगतीपर्यंत मांडवाबाहेर उभं केलं. मुलगी नांदली, हा तिचा गुण.

खंड्या हा आमच्या चाळीचा कुत्रा. म्हणजे कुणाचाच नव्हे. जिन्याच्या पायथ्याशी गोणपाटावर त्याने अकरा वर्षं पहारा केला. एके दिवशी कापडाच्या गाठी लादलेली हातगाडी उतारावर सुटली आणि त्याच्या मागच्या मांडीवरून गेली. चाळीचं एकमत झालं की म्हातारा कुत्रा, आता जाऊ द्यावा. जॉबरांनी आयुष्यातला पहिला खाडा केला, त्याच हातगाडीवर खंड्याला घातलं आणि परळच्या जनावरांच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी मांडीच्या हाडात सळई घातली आणि बजावलं, “सहा आठवडे जिना नाही. सपाट जमिनीवर थोडं थोडं चालवा. वय झालंय, पुढचं सांगता येत नाही.”

तेव्हापासून खंड्या जॉबरांच्या खोलीत, त्यांच्या पलंगावर, आणि जॉबर खाली. “माका ताप इलो तेव्हा कपाळार पट्टी ठेवूक ह्यांका वेळ गावलो नाय,” असं त्यांची बायको गॅलरीभर सांगत फिरे. मात्र कुत्र्यासाठी मऊ भात वेगळा तीच शिजवी. सकाळ-संध्याकाळ गॅलरीत कवायत चाले. खंड्याच्या पोटाखालून पंचा घालायचा, दोन्ही बाजूंनी दोघांनी उचलून धरायचा आणि त्याला पाऊल टाकू द्यायचं. एक टोक जॉबरांकडे, दुसरं माझ्याकडे. मी शाळामास्तर, पण अकरा वर्षांच्या विद्यार्थ्याबरोबर इतक्या हळू मी कधी चाललो नव्हतो. मी जरा पाऊल उचललं की जॉबर गुरकावत, “मास्तरानू, घाई नको. धागो तुटतलो!”

तिसऱ्या दिवशी समोरच्या चाळीतला एक तांबडा कुत्रा खंड्याच्या गोणपाटावर ऐसपैस झोपलेला त्यांना दिसला. जॉबरांनी त्याला हाकललं आणि स्वतःच तिथे बसले. मग रोज पाळी सुटून कवायत उरकली की जेवणापर्यंत गोणपाटावर. अनोळखी माणूस दिसला की विचारत, “कोणाकडे? काय काम?” लोकांना खंड्याचं भुंकणं परवडलं.

पुढे चाळीत सभा ठरली. कार्यकर्त्यांनी जिन्याच्या पायथ्याशीच टेबल मांडायचं ठरवलं, कारण तिथून पुढाऱ्यांचा चेहरा तिन्ही मजल्यांवरून दिसणार होता. जॉबर उठेनात.

“अहो जॉबर, महाराष्ट्राचा प्रश्न आहे!”

“महाराष्ट्र झालोच पायजे. पण ह्यो जागो खंड्याचो.”

शेवटी पुढारी मोरीच्या बाजूला उभे राहून बोलले. हार घालताना पाठीमागे कुणी तरी भांडी घासत होतं. भाषण नेहमीपेक्षा बरंच आटोपशीर झालं, एवढं मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या संध्याकाळी, मी त्यांना विचारलं, “कुत्र्याच्या जागेसाठी एवढं कशाला?”

ते तंबाखू मळता मळता म्हणाले, “मी नऊ वर्सां बदली होतंय. रोज सकाळी गेटार उभो. कोण आजारी पडता काय, बघत. एकाचो पाय मोडलो, त्याचे माग माका मिळाले. तो बरो होऊन इलो, तेव्हा मी कायम झाल्लंय.” मग तंबाखू दाढेखाली ठेवून म्हणाले, “तो गेटातसून परत गेलो. माझ्याकडे बघूकसुदा नाय.”

“आणि खंड्याला जिना उतरता आलाच नाही तर?”

“तर मी हयच.”

सहा आठवडे झाले. डॉक्टरांनी जिन्याची परवानगी दिली. रविवारी सकाळी आम्ही खंड्याला पहिल्या पायरीशी उभं केलं. जॉबर मात्र खाली गोणपाटावर जाऊन बसले. जागा मोकळी ठेवायची नाही, असं त्यांचं म्हणणं. पंचा काढला. खंड्या पाच पायऱ्या उतरला आणि बसला. दिवसभर घोषणा देणारी आमची चाळ कठड्याला रेलून गप्प उभी होती. तो उठला. मागचा पाय तिरका टाकत, मधूनमधून थांबत, खाली आला.

एखादा वरिष्ठ आल्यावर उठावं तसे जॉबर लगबगीने उठले. खंड्याने गोणपाट इकडून तिकडून हुंगलं, दोन गिरक्या घेतल्या आणि अंग टाकून दिलं.

वरून टाळ्या झाल्या. जॉबर तसेच उभे होते. हात कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं. मी खाली गेलो तेव्हा ते हळूच म्हणाले, “मास्तरानू, लोकां संध्याकाळचा करतत तरी काय?”

आम्ही दोघे तिथेच, गोणपाटाला पाय लागणार नाही अशा बेताने, थोडा वेळ उभे राहिलो.