मी बंद केलेला अलार्म

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळही नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे.

मी अमरावतीत एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. इंगोले सर अकोल्याचे. शाळेत आम्हाला चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पडवीत लाकूड कोरायचं, संगणकावर चालणारं सीएनसी मशीन बांधायला घेतलं. सर्वो मोटारी त्यांनीच आणल्या. त्या चालवणारे ड्राइव्ह आणि कंट्रोलर कोणते घ्यायचे, हे मात्र माझ्यावर सोडलं.

मी निवडले — आणि चुकले. मोटारीला लागणारा करंट माझे ड्राइव्ह देऊच शकत नव्हते. माहितीपत्रकात लिहिलं होतं. मी ते पान वाचलंच नाही. जाड सागवान आलं की मोटार ठरल्या जागेपासून मागे पडायची, ड्राइव्ह अलार्म देऊन मशीन थांबवायचा.

"कावून थांबते वं हे घडीघडी?" सरांनी विचारलं.

ड्राइव्ह चुकीचा निवडला, सर — एवढंच तर म्हणायचं होतं. का नाही म्हटलं? शेजाऱ्यांना ते मला 'आमची इंजिनीअर' म्हणून दाखवायचे, म्हणून? मी लॅपटॉप जोडला. मोटार किती मागे पडली की थांबायचं, ती मर्यादा इतकी वाढवली की अलार्म येणारच नाही. सेटिंग बिघडली होती, असं सांगितलं.

मग मशीन थांबेना. एक दिवस सर कटर सावकाश सरकवत लाकडाच्या कडेला आणत होते, उजवा हात लाकडावर. मोटार कुठवर फिरली हे ड्राइव्हला कळवणारी वायर नेमकी तेव्हा तुटली. मोटार जागचीच हलली नाही असं समजून ड्राइव्ह तिला पूर्ण जोरानं रेटत सुटला. अलार्म असता तर मशीन तिथंच थांबलं असतं. सरांची दोन बोटं गेली.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं?

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेले. आधी दवाखान्यात नाही — पडवीत. कुणी ते आकडे पाहिले तर, या भीतीनं लॅपटॉप जोडला आणि मर्यादा मुळात होती तशी करून ठेवली. काकू, सरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या तेव्हा मी मशीनपाशीच बसले होते. त्यांना वाटलं, मला सरांचं वाईट वाटतंय. "काय झालं असन वं?" त्यांनी विचारलं.

"सरांचा हात मधे आला," मी म्हणाले.

सरांनीही तेच मानलं. अजूनही त्यांचा फोन आला की वाटतं — कळलं का?

कळलेलं नाही. गेल्या महिन्यात आमच्या प्राचार्यांनी त्यांना सुरक्षिततेवर बोलायला बोलावलं. सरांनी तो हात वर धरून मुलांना दाखवला. "मशीनची चूक नोती, पोरंहो. माही होती."

मी पहिल्या रांगेत होते. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.