चाऱ्याचा वास घेणाऱ्या डॉक्टरीणबाई

"कावून?" म्हणजे का बरं, एवढंच त्या विचारायच्या. पेशंट म्हणाला, दम लागतो, की मान तिरकी करून, "कावून?" जणू उत्तर त्यालाच ठाऊक असावं. बाई मूळच्या सिरसाळ्याच्या. मोठ्या शहरात फुफ्फुसांवर संशोधन करायच्या, आणि त्यासाठीच केजच्या आमच्या दवाखान्यात येऊन राहिल्या होत्या. मी तिथं एक्स-रे काढायचो.

त्या दुष्काळात सहकारी साखर कारखान्यानं गुरांसाठी छावणी उघडली होती. तिथं चाऱ्याचे गठ्ठे सोडणाऱ्या हौसाबाईला खोकला, ताप, धाप. टीबीची औषधं चालू होती, पण थुंकीत जंतू सापडत नव्हते.

"माहेरी गेलते तवा बरी व्हते," हौसाबाई सहज म्हणाली. "हितं आले की पुन्हा छाती भरली."

बाई तडक छावणीत. त्यांनी एक गठ्ठा फोडला, तसा पांढरा धुरळा उडाला. मूठभर चारा त्यांनी नाकाशी नेला. गोदामात तो ओलाच रचलेला होता.

"ही बुरशी. हिची धूळ आत गेली की अंगातली राखण करणारी फौज पिसाळते आणि आपलंच फुफ्फुस सुजवते."

"म्हंजी राखणदारच घर जाळायलाय," हौसाबाई म्हणाली.

"अगदी तेच."

कारखान्याचे चेअरमन मात्र अडले. "चारा फेकला तर जनावरं काय खातील, बाई?"

"बुरशीचा तेवढा फेका. बाकीचा उघड्यावर, उन्हात सोडा. आणि हिला गठ्ठ्यांजवळ नका ठेवू."

बरीच वादावादी झाली, पण शेवटी ऐकलं त्यांनी. हौसाबाईला पाण्याच्या हौदावर काम मिळालं.

बाई मात्र संशोधनासाठी धूळ गोळा करायला गोदामात जातच राहिल्या. तोंडाचा रुमाल सारखा खाली घसरायचा. एक दिवस त्याच खोकू लागल्या. मी एक्स-रे काढला. तो खिडकीशी धरून त्या म्हणाल्या, "किती सुरेख दिसतंय, बघा."

"बाई, तुमचाच हाय हो हा."

"म्हणून तर. आता आतून कळेल."

मला भीती वाटत होती, त्यांना उत्सुकता.

पुढं धाप वाढली, तसे त्यांचे भाऊ त्यांना न्यायला आले. निघताना बाईंनी जीप छावणीच्या कुंपणाबाहेर थांबवायला लावली. धुळीमुळं आत जायची त्यांना आता बंदी होती. हौसाबाई बादली ठेवून धावत आली. बाईंनी तिला पाठ वळवायला सांगितलं आणि तारेतून हात घालून छाती तपासायची नळी पाठीला टेकवली.

"घ्या... श्वास."

हौसाबाईनं भरभरून घेतला. डोळे मिटून बाई ऐकत राहिल्या. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, तरी ऐकतच राहिल्या.